पत्ता चुकलेली फाइल

मुलांनो, वार्षिक निकाल लावणे हे मोठे जोखमीचे काम असते. एखाद्या विद्यार्थ्याचे चार-सहा गुण इकडचे तिकडे झाले, तर त्याचे वर्ष फुकट जावयाचे! २००८ साली आमच्या शाळेत हे काम ‘एक्सेल २००३’ या आज्ञावलीवर चाले. प्रत्येक वर्गाच्या गुणांची फाइल निराळी असे, आणि त्या सर्वांतील गुण आपोआप ओढून घेणारी ‘निकाल’ ही मुख्य फाइल.

एके दिवशी नीटनेटकेपणाच्या हौसेने मी नववीची फाइल उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली. दोन दिवसांनी ‘निकाल’ उघडला, तो दुवे अद्ययावत करावयाचे काय, असा प्रश्न पडद्यावर उमटला. ‘करा’ असे सांगताच एक दुवा जुळत नसल्याचे यंत्राने कळवले. माझ्या पोटात गोळाच आला! तरी कोष्टकात आकडे दिसत होते. तेव्हा काम भागले, असे मी मनाची समजूत घालून म्हटले.

संगणक शिकविणाऱ्या बाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, “सर, हे आकडे शिळे आहेत. मूळ फाइल सापडली नाही, की एक्सेल मागच्या वेळचेच आकडे दाखविते.” आणि खरोखरच तसे होते. फेरतपासणीत एका मुलाचे गणिताचे गुण ३१ चे ३७ झाले होते. वर्गशिक्षकांनी ते नववीच्या फाइलमध्ये भरलेही होते. उत्तीर्ण होण्यास ३५ हवेत. माझ्या कोष्टकात मात्र अजून ३१ च!

फाइल हरवली नव्हती. तिचा पत्ता तेवढा बदलला होता. दुव्याच्या सूत्रात फोल्डर, फाइल, पान आणि घर अशी सारी नावे लिहिलेली असतात. घर बदललेल्या माणसाची पत्रे जुन्याच दाराशी जावीत, तशी एक्सेलची गत झाली होती.

बाईंनी प्रथम फाइलच्या नावाने संगणकात शोध घेतला. मग ‘एडिट’ यादीतील ‘लिंक्स’ उघडून ‘चेंज सोर्स’ दाबले आणि फाइलची नवी जागा दाखविली. शेजारच्या ‘ब्रेक लिंक’ला त्यांनी मला हातही लावू दिला नाही, कारण त्याने सूत्रे पुसली जाऊन शिळे आकडेच कायम झाले असते. (एक्सेलच्या या आवृत्तीची निगा राखणे कंपनीने २०१४ साली थांबविले, पण दुव्यांची ही रीत पुढील आवृत्त्यांतही राहिली.)

क्षणार्धात ३१ च्या जागी ३७ आले. त्यानंतर मी सर्व फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवू लागलो. तो फोल्डर अख्खाच्या अख्खा हलविला, तरी दुवे तुटत नाहीत, हेही बाईंनीच मला दाखविले.