मुलांच्या मनाचें आरोग्य आणि सार्वजनिक तिजोरी



देहास ताप आला म्हणजे तो हातास लागतो. हाड मोडलें म्हणजे सूज डोळ्यांस दिसते. मनाचें दुखणें असें दिसत नाहीं. हसतें खेळतें मूल आठवडेच्या आठवडे गप्प बसूं लागलें, रात्रीं दचकून उठूं लागलें, किंवा शाळेच्या वेळेसच त्याचें पोट दुखूं लागलें, तर आपण त्यास हट्टी म्हणतों, आळशी म्हणतों, नाहीं तर कोणाची दृष्ट लागली म्हणतों. वस्तुतः हीं पुष्कळ वेळां दुखण्याचीं चिन्हें असतात, आणि वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक मुलांस त्यानें आराम पडतो.

हें दुखणें विरळा नाहीं. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेनें २०१५-१६ सालीं केलेल्या राष्ट्रीय पाहणींत १३ ते १७ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा सुमारें ७ जणांस कांहींना कांहीं मानसिक विकार आढळला. त्या पाहणींत महाराष्ट्र नव्हता. तथापि तेंच प्रमाण येथें धरिलें, तर साठ मुलांच्या वर्गांत अशीं चार मुलें निघतील.

आतां आपल्या दोन तालुक्यांकडे पाहूं. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला व दीडशेंहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. सरकारनें जवळच नवें गांव वसविलें व २०१७ सालीं तेथील घरें लोकांच्या स्वाधीन केलीं. हें योग्यच झालें. परंतु भिंती दोनतीन वर्षांत उभ्या राहतात. आप्त गमावलेल्या मुलाच्या मनास त्याहून अधिक काळ सोबत लागते. जुन्नरच्या ऊसपट्ट्यांत बिबट्याचें भय नित्याचें आहे. माणूस दगावल्यास वारसांस भरपाई मिळते. पण ज्या मुलानें तो प्रसंग पाहिला, त्याच्या भीतीस कोठें रकाना आहे? पश्चिमेच्या आदिवासी भागांतील लहान मुलें तर शिक्षणासाठीं आईबापांस सोडून आश्रमशाळेंत राहतात.

कोणी विचारील, याचा खर्च सरकारनें कां करावा? जुन्नरहून पुणें सुमारें ९० किलोमीटर. मनाचा उपचार एका खेपेंत संपत नाहीं. दर खेपेस भाडें, फी व बुडालेली मजुरी मोजतां मोजतां गरीब बाप उपचार अर्ध्यावर सोडतो. १८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर आयोगापुढें हेंच मांडिलें होतें, कीं सरकारी उत्पन्न बहुतांशीं कष्टकऱ्यांच्या घामांतून येतें. तेव्हां त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर तें खर्च झालें पाहिजे. शिक्षणास जो न्याय, तोच शिकणाऱ्या मनास लागू आहे.

ही भिक्षा नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ अन्वयें, सरकारनें चालविलेली अथवा सरकारी पैशानें चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणें हा प्रत्येकाचा हक्क आहे, व तींत मुलांसाठींही सोय असावी असें म्हटलें आहे. परंतु हक्क कागदावर असणें व डॉक्टर तालुक्यांत असणें यांमध्यें अंतर आहे, आणि तें अंदाजपत्रकांतील तरतुदीनेंच भरून निघेल.

म्हणून आपली मागणी नेमकी असावी. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयांत व जुन्नर तालुक्यांतील ग्रामीण रुग्णालयांत आठवड्यांतून एक ठराविक दिवस मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ बसावा. प्रत्येक शाळासमूहास एक पगारी समुपदेशक असावा. शिक्षकांस प्राथमिक चिन्हें ओळखण्याचें शिक्षण मिळावें. पालकांनीं हा ठराव ग्रामसभेंत मांडावा व आपल्या प्रतिनिधींस त्याविषयीं विचारीत राहावें. तोंवर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, हें ध्यानांत ठेवावें.

आणि मुलांनो, मन जड झालें तर आईस, वडिलांस किंवा गुरुजींस सांगा. त्यांत लाज नाहीं. शंभरांतील एक मेंढरूं चुकलें असतां त्याच्या शोधार्थ निघणारा मेंढपाळ आपणांस ठाऊक आहे. त्यानें त्या एकाच्या खर्चाचा हिशेब मांडिला नाहीं. राज्यानेंही आपल्या लेंकरांच्या बाबतींत तो मांडूं नये.