बोकड घेण्याआधी त्याची आई बघा

आमच्या तुळजापूर भागात गावच्या शेळ्या माळावर एकत्र चरतात. त्यामुळे एका दारात आलेला बोकड त्या एका दाराचा राहत नाही. काही वर्षांपूर्वी गावात बोअर संकराचा दणकट बोकड आला. करडं दुप्पट वजनाची होतील, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. त्या हंगामात माळावरच्या बऱ्याच शेळ्या त्याच्यापासून गाभण राहिल्या, आमच्याही. पाच महिन्यांनी वेतं सुरू झाली आणि रात्री-अपरात्री जनावरांच्या डॉक्टरांकडे धावपळ सुरू झाली. जुन्या शेळ्या कशाबशा सुटल्या. हाल झाले ते पहिलारू पाठींचे. आमची एक चांगली पाठ करडू अडून गेली, करडूही हाती लागलं नाही.

बोअर जात वाईट नाही. दक्षिण आफ्रिकेत ती मांसासाठीच घडवली. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्या पुढे जातो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ती आपल्याकडे आणून संकर केले, आणि बांधून भरपूर खुराक घालणाऱ्याला ते परवडतातही. पण आपली उस्मानाबादी शेळी तीस-बत्तीस किलोची, तिचं करडू जन्मताना अडीच किलोच्या आसपास. तिची कंबर त्या मापाची आहे. त्यातून पहिलारू पाठीला बहुधा एकच करडू असतं आणि एकटं करडू पोटात जास्त वाढतं. म्हणजे जिची वाट सगळ्यात अरुंद, तिच्याच पोटात सगळ्यात मोठं करडू. जी संकरित करडं जगली, तीही उन्हाळ्यात माळावरच्या बाभळीच्या शेंगा आणि बोरीच्या पाल्यावर नुसती उभी राहिली. त्यांचं अंग मोठं, भूकही मोठी. विकत खुराक घालून त्यांचं वजन वाढवलं, तेव्हा नफा त्या खुराकातच गेला.

हिशेब करडाच्या जन्मवजनाचा नसतो, शेळीने विक्रीपर्यंत किती करडं पोहोचवली याचा असतो. सांभाळ नीट असेल तर उस्मानाबादी दोन वर्षांत तीन वेतं देते, जुळी तर नेहमीचीच. व्यापारी जिवंत वजनावर पैसे मोजतो. आखाडात आणि बकरी ईदेला दोन मध्यम बोकडांचे पैसे एका मोठ्या बोकडापेक्षा जास्तच होतात.

म्हणून पैदाशीचा बोकड बाजारात उभा बघून घेऊ नका. ज्याच्या घरचा आहे तिथे जा आणि आई दाखवायला सांगा. ती आपल्यासारख्याच माळावर चरते का, हात न लावता विते का, जुळी दोन्ही पाजून वाढवते का, हे मालकाला विचारा आणि तिची कास स्वतः बघा. बोकड स्वतः जुळ्यातला असावा, दोन्ही अंड सारखे आणि पाय सरळ असावेत. पंचवीस-तीस शेळ्यांना एक पुरतो. त्याच्यापासून झालेल्या पाठी माजावर यायच्या आत तो बदला, नाहीतर बाप-लेकीचा संयोग होऊन करडं खुरटतात. कळपातली बाकीची नर करडं तीन महिन्यांच्या आत खच्ची करा किंवा वेगळी ठेवा. हे एकट्याने करून भागत नाही, माळावर शेळ्या सोडणाऱ्या सगळ्या घरांनी ठरवावं लागतं. आमच्याकडे आता तसं ठरलं आहे.

पाठ बावीस-पंचवीस किलोची झाल्याशिवाय भरवू नका, वय झालं असलं तरी. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात करडू पोटात सगळ्यात जास्त वाढतं. त्या काळात शेळीला उपाशी ठेवू नका. पण कौतुकाने भरमसाट धान्यही चारू नका. थोडा खुराक द्या आणि चरायला चालवत राहा. विताना आधी पुढच्या दोन खुऱ्या आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसलं, तर शेळीला तिचं काम करू द्या. पाणमोट फुटून अर्धा-पाऊण तास कळा देऊनही काही पुढे सरकलं नाही, तर ओढाताण न करता डॉक्टरांना बोलवा. आणि जिला दरवेळी हात लावावा लागतो, ती कितीही देखणी असली तरी विकून टाका, तिची पाठ कळपात ठेवू नका.

विकणारा बोकडाची आई दाखवत नसेल, तर पैसे खिशात ठेवून परत या.