दमा आणि आहारातील मेदाम्ले

प्रश्न : करडई-सूर्यफुलाच्या तेलाने दमा वाढतो आणि बांगडा, जवस खाल्ल्याने तो कमी होतो, हे खरे आहे का?

उत्तर : या समजुतीत तथ्य आहे, पण थोडेच. या तेलांतील लिनोलेइक या ओमेगा-६ मेदाम्लापासून शरीरात अ‍ॅराकिडोनिक आम्ल बनते आणि त्यापासून ल्युकोट्राइन, म्हणजे श्वासनलिका आकुंचित करणारी व तिच्या अस्तराला सूज आणणारी द्रव्ये, तयार होतात. माँटेलुकास्ट ही परिचित गोळी त्यांचीच क्रिया रोखते. तथापि आहारात लिनोलेइक आम्ल वाढले, तरी शरीरातील अ‍ॅराकिडोनिक आम्ल त्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे केवळ तेलाला दोषी धरणे अन्यायाचे ठरते. बांगडा, तारली यांतील ईपीए हे ओमेगा-३ मेदाम्ल अ‍ॅराकिडोनिक आम्लाशी त्याच विकरांसाठी, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांसाठी, स्पर्धा करते व त्यापासून सौम्य ल्युकोट्राइन बनतात. जवसातील ओमेगा-३ मेदाम्लाचे मात्र ईपीएत अल्पच रूपांतर होते.

डेन्मार्कमध्ये 736 गर्भवतींवर झालेल्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शेवटच्या तिमाहीत रोज 2.4 ग्रॅम ओमेगा-३ मेदाम्ले दिल्यावर त्यांच्या मुलांत सततची घरघर किंवा दमा यांचे प्रमाण 23.7 टक्क्यांऐवजी 16.9 टक्के आढळले. प्रौढ रुग्णांत असा ठाम लाभ सिद्ध झालेला नाही. मासे अवश्य खावेत, परंतु डॉक्टरांनी दिलेला इनहेलर त्यांच्या भरवशावर कधीही बंद करू नये.