शॉक ऑइल: 'वेट' जुळलं म्हणजे तेल जुळलं असं नाही

सेटअप एखाद्या मुरलेल्या रेसरचा उतरवून घ्यायचा आणि शॉक ॲब्सॉर्बरमधलं तेल मात्र दुकानात मिळेल त्या कंपनीचं भरायचं, इथेच रेडिओ कंट्रोल गाड्यांच्या छंदातले बरेच नवखे फसतात. तेलाचा दाटपणा सांगणारा आकडा कागदावर '५० वेट', बाटलीवरही '५० वेट'. तरीही खडबडीत ट्रॅकवर गाडीची मागची बाजू उसळ्या मारते. मग स्प्रिंग बदलून होतात, पिस्टन बदलून होतात, गाडीची उंची वर-खाली करून होते. तेलावर संशय जात नाही, कारण आकडा तर तोच आहे!

अमेरिकेतल्या तीन नावाजलेल्या कंपन्यांच्या बाटल्या शेजारी-शेजारी ठेवून बारीक अक्षरं वाचावीत. तिथे दाटपणा सेंटिस्टोक्स या एककात दिलेला असतो. ट्रॅक्ससचं ५० वेट ६०० सेंटिस्टोक्सचं आहे, टीम असोसिएटेडचं ६५०चं आणि टीम लोसी रेसिंगचं ७१०चं. ट्रॅक्ससचं ६० वेट ७००चं. म्हणजे लोसीचं 'पन्नास' ट्रॅक्ससच्या 'साठ'पेक्षाही दाट. ३० वेटला चित्र उलटं होतं: पहिल्या दोघांचं ३५०, तर लोसीचं ३३८, म्हणजे किंचित पातळ. त्यामुळे 'अमुक कंपनीचं तेल एक पायरी दाट असतं' हा ट्रॅकवर सर्रास मिळणारा सल्लाही सगळीकडे लागू पडत नाही.

सगळ्यांनी पाळावी अशी शॉक ऑइलच्या 'वेट'ची एकच मोजपट्टी नाही. प्रत्येक कंपनीची शिडी वेगळी. सेंटिस्टोक्स हे मात्र प्रत्यक्ष मोजमाप आहे. २० अंश सेल्सियसला पाणी साधारण १ सेंटिस्टोक भरतं. म्हणून सेटअप लिहून ठेवताना सेंटिस्टोक्सच लिहावेत.

सोबत पिस्टनची भोकं किती आणि केवढी, हेही लिहावं. भोकं लहान असतील, तर पातळ तेलही शॉक कडक करतं. हवामानाचीही नोंद हवी. सिलिकॉन तेल खनिज तेलाच्या मानाने तापमानाला कमी बधतं, पण बधतंच. थंडीत ते दाटतं, उन्हात पातळ होतं. अनुभवी रेसर त्याप्रमाणे तेल बदलतात.

हवं ते तेल मिळालं नाही, तर एकाच कंपनीची दोन सिलिकॉन तेलं मिसळता येतात. पण इथे साधी सरासरी धरू नये. २०० आणि ८०० सेंटिस्टोक्सची तेलं निम्मी-निम्मी घेतली, तर मिश्रण ५००चं होत नाही, ते ४००च्या आसपास बसतं. पातळ तेल मिश्रणाला आपल्याकडे जास्त ओढतं. मिश्रण एकदमच करावं आणि डाव्या-उजव्या शॉकमध्ये त्याच बाटलीतलं भरावं.

डिफरन्शियलच्या तेलात हा गोंधळ फारसा होत नाही, कारण तिथे ५,०००, १०,००० असे सेंटिस्टोक्सचेच आकडे रुळले आहेत. शॉक ऑइलच्या कंपन्यांनीही तोच आकडा मोठ्या टाइपात छापावा आणि 'वेट' बारीक अक्षरांत न्यावं.