गाळण-पटलातून अरिष्टांत उतरणारे पोव्हिडोन

आसवारिष्टांसाठी घृतभावित पात्र सांगताना पात्राचा औषधाशी संबंध येतो, हे शास्त्रकारांनी गृहीत धरले होते. आज काही औषधशाळांत अरिष्टे पॉलिइथरसल्फोनच्या पटलातून गाळली जातात. या नव्या 'पात्रा'चाही विचार व्हावयास हवा.

हे प्लास्टिक पाण्याने सहज भिजत नाही. म्हणून पटल घडविताना त्यात पाण्यात विरघळणारे पोव्हिडोन मिसळण्याची पद्धत आहे. गोळ्यांतील बंधक द्रव्य आणि पोव्हिडोन-आयोडीन मलमातील पोव्हिडोन ते हेच. पटल पाण्यात घट्ट होत असताना त्याचा बराच अंश निघून जातो व छिद्रे घडतात. उरलेल्या साखळ्या प्लास्टिकमध्ये केवळ गुंतून राहतात. उष्णता किंवा किरणोत्सर्गाने त्यांच्यात आडवे बंध निर्माण करता येतात, परंतु ज्या साखळीला एकही बंध लागला नाही ती मोकळीच राहते. आखूड साखळ्या लवकर निसटतात, लांब साखळ्या सावकाश. शिवाय पोव्हिडोन मद्यार्कातही विरघळते, हे अरिष्टांच्या बाबतीत विसरून चालणार नाही.

क्लोरीनयुक्त द्रावणाने पटल धुणे हा याहून मोठा दोष होय. सोडियम हायपोक्लोराइट पोव्हिडोनच्या साखळ्या तोडते. छिद्रे मोठी होऊन गाळण्याचा वेग वाढतो, आणि आम्हीही पूर्वी हा वाढलेला वेग उत्तम धुलाईचे लक्षण मानीत होतो!

मुखावाटे गेलेले पोव्हिडोन फारसे शोषले जात नाही. तेव्हा विषबाधेची भीती घालण्याचा आमचा हेतू नाही. प्रश्न कषाय द्रव्यांचा आहे. पोव्हिडोन टॅनिनला धरते. बिअरमधील अशी द्रव्ये काढण्यासाठी त्याचेच आडबंधयुक्त, न विरघळणारे रूप वापरतात. अर्जुनारिष्ट वा खदिरारिष्टात उतरलेले पोव्हिडोन टॅनिनशी मिळून गढूळपणा आणू शकते. पटलात राहिलेले पोव्हिडोन टॅनिन स्वतःकडेच ठेवून घेते. निवळ दिसणारे अरिष्ट अशा वेळी वीर्याने उणे असू शकते.

नवे पटल प्रथम शुद्ध पाण्याने, नंतर अरिष्टाइतक्याच मद्यार्काच्या पाण्याने धुवावे. धुवणाच्या नमुन्यात सौम्य आयोडीन-द्रावणाचे थेंब टाकून तितकेच थेंब साध्या पाण्यात टाकावेत व रंग ताडून पाहावा. पोव्हिडोन पुरेसे असल्यास पिवळा रंग तांबूस होतो. ही परीक्षा अरिष्टावर करू नये, कारण टॅनिन आयोडीनचा रंगच घालविते. अरिष्टासाठी गाळण्यापूर्वीच्या व नंतरच्या नमुन्यांतील टॅनिनचे प्रमाण प्रयोगशाळेतून मोजून घ्यावे.