शिक्षणाची शिडी

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यात बीबी हे गाव आहे. तेथून मेहकरकडे पायी निघालेल्या वाटसरूला रस्त्याच्या कडेला अंतर दाखविणारे दगड भेटतात. किती वाट सरली व किती उरली हे त्यांवरून कळते आणि थकल्या पायांना हुरूप येतो. विद्येची वाटही लांबच असते. परंतु तिच्यावर असे दगड कोणी रोवावेत?

आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळ ऋषी व्हॅली ही शिक्षणसंस्था आहे. तिने आसपासच्या खेड्यांत लहान शाळा काढल्या. एक खोली, एक शिक्षक आणि निरनिराळ्या इयत्तांची मुले, असा तेथील संसार! शेतीच्या कामामुळे किंवा आजारपणामुळे एखादे मूल काही दिवस घरी राहिले, की धडे पुढे निघून जात आणि ते मागे पडे. पद्मनाभ राव व रमा या शिक्षक दांपत्याने यावर विसाव्या शतकाच्या अखेरीस एक उपाय योजला. त्यांनी अभ्यासाची शिडी चित्रात काढली व ती मुलांसमोर ठेवली.

या शिडीची प्रत्येक पायरी म्हणजे अभ्यासाचा एक लहान टप्पा होय. पायरीवर चित्राची खूण असते. मूल आपली पायरी स्वतः शोधते, तीच खूण असलेले कार्ड उचलते आणि कामाला लागते. टप्प्याच्या शेवटी छोटी चाचणी असते. ती जमली तर पुढची पायरी. न जमली तर आणखी सराव. काही दिवसांनी परतलेले मूल जेथे थांबले होते, तेथूनच पुन्हा चढू लागते.

पुढे २००३ पासून चेन्नई महानगरपालिकेच्या काही शाळांनी ही रीत स्वीकारली आणि मग ती तमिळनाडूतील सरकारी प्राथमिक शाळांत पसरली.

मात्र ही शिडी शर्यतीसाठी नाही. शेजाऱ्याची पायरी पाहून जो खिन्न होतो किंवा गर्वाने फुगतो, त्याला तिचा उपयोग कळला नाही. काल आपण कोठे होतो आणि आज कोठे आहोत, एवढेच तिच्यावर पाहावयाचे असते.

स्वाध्याय

१. शाळा बुडालेल्या मुलाला शिडीचा उपयोग कसा होतो?
२. तुम्हांला कठीण वाटणाऱ्या विषयाची दहा पायऱ्यांची शिडी काढा व आपली आजची पायरी रंगवा.