कथाखेळ: काय वाचावं, कुठं शोधावं

गेल्या पावसाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं एका टेबलाभोवती बसायचो. मी, वर्गातल्या दोघी मैत्रिणी आणि हॉस्टेलवरचा एक मित्र. तो खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून आलेला. खेळाचं पुस्तक इंग्रजीत, तीनशेच्या वर पानांचं. खरं सांगायचं तर ते विकत घेतलेलंही नव्हतं, कुणीतरी पुढं ढकललेली चोरटी पीडीएफ होती. तिसऱ्या शनिवारी तो म्हणाला, ‘‘तुम्ही खेळा की, मी बघत बसतो.’’ चौथ्या शनिवारी आलाच नाही. गोष्ट रंगवून सांगण्यात तो आम्हा तिघींच्या कितीतरी पुढं, आणि गोष्टीच्याच खेळातून तो उठून गेला. त्यानंतर मी नीट शोधायला लागले. त्या शोधात जे हाती आलं ते इथं मांडते आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममध्ये एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, ‘‘आता काय करता?’’ जिथं निकाल अनिश्चित असेल तिथं फासे टाकायचे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत निघाला, तिथून ही परंपरा सुरू झाली.

इंटरनेटवर शोधलं की पहिल्यांदा समोर येतात विकणारे. चित्रं देखणी, खाली साडेचार-पाच तारे. पण तारे देणाऱ्यानं तो खेळ खेळला होता की नुसता उतरवून घेतला होता, हे तारे सांगत नाहीत. खेळून बघितलेल्या माणसाचं लिहिणं हवं असेल तर फॅनझिनकडं जावं लागतं.

फॅनझिन म्हणजे हौशी चाहत्यांनी स्वतः लिहून, स्वतः छापून वाटलेलं नियतकालिक. हा शब्द १९४० सालचा, विज्ञानकथांच्या चाहत्यांमधला. आपल्याकडं साठच्या दशकात ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’, ‘फक्त’ अशी अनियतकालिकं निघाली. त्यांच्याबद्दल वर्गात शिकलेल्यांना हे वातावरण ओळखीचं वाटेल: पैसा कमी, पानं कमी, मत भरपूर. कथाखेळांचं सगळ्यांत दीर्घायुषी फॅनझिन ली गोल्ड या बाईंनी लॉस एंजेलिसमध्ये जून १९७५ मध्ये सुरू केलं. नाव ‘अलारम्स अँड एक्स्कर्शन्स’. इंग्रजी साहित्य घेतलेल्यांना हे नाव कुठून आलं ते कळलं असेल. एलिझाबेथकालीन नाटकांत लढाईच्या प्रवेशाला रंगसूचना असते, म्हणजे आत रणवाद्यांचा गलबला आणि रंगमंचावर सैनिकांची धावपळ. ते दर महिन्याला निघायचं आणि २०२५ पर्यंत चाललं.

त्याची रचना मला फार आवडते. प्रत्येक सभासद आपापली पानं लिहून पाठवायचा, संपादिका ती एकत्र बांधून सगळ्यांना धाडायची. पुढच्या अंकात आपलं नवं लेखन तर असायचंच, शिवाय मागच्या अंकातल्या इतरांच्या पानांवर उत्तरंही. ‘तुमचा नियम आमच्या टेबलावर चालला नाही, कारण...’ अशी ती चर्चा. म्हणजे प्रत्येक कल्पनेला महिन्याभरात कुणीतरी खेळून जाब विचारायचं. तारे आणि फॅनझिन यांतला फरक हाच.

मग आज चांगलं पान ओळखायचं कसं? माझी कसोटी साधी आहे: हे वाचून मला शनिवारी काही करता येईल का? समजा पानावर लिहिलंय, ‘पुलावर प्राचीन वंशाचा, तीनशे वर्षांचा राक्षस राहतो.’ ठीक आहे, पण मी करू काय त्याचं? आता हे बघा: ‘पुलावरच्या राक्षसाला झोप लागत नाही, नदीचा आवाज बंद करून देणाऱ्याला तो टोल माफ करेल.’ लगेच टेबलावरच्या सगळ्यांच्या डोक्यात चक्रं फिरायला लागतात. पहिल्या प्रकारची पानं कितीही सुंदर छापलेली असली तरी मी आता सोडून देते.

सांगणारा कोण, हेही बघावं. माझ्या मम्मीनं एका पुस्तकावरचं शिंगवालं चित्र पाहिलं आणि ‘‘हे काय सैतानाचं?’’ म्हणून विचारलं. भीती नवी नाही. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात यावरून मोठा गदारोळ झाला, जॅक चिक यांचं ‘डार्क डंजन्स’ हे चित्रपत्रक १९८४ सालचं. मम्मीला मी एवढंच दाखवलं की याच चिकसाहेबांनी इतर पत्रकांत आपल्या कॅथॉलिक चर्चवरही तशीच आग पाखडली आहे. ती हसली. तरी पुस्तक उलटं ठेवते अजून, तो भाग वेगळा.

आता ठिकाणं. इच डॉट आयओवर हौशी लेखकांचे एकदोन पानी खेळ ढिगानं मिळतात. बऱ्याच ठिकाणी किंमत आपण ठरवायची असते. काही लेखक पैसे नसणाऱ्यांसाठी ‘कम्युनिटी कॉपी’ बाजूला ठेवतात, ती घ्यायला लाजू नका, त्यासाठीच असते. ड्राइव्हथ्रूआरपीजीवर घेण्याआधी नमुन्याची पानं उघडून वर सांगितलेली कसोटी लावा. किकस्टार्टरवर २०१९ पासून ‘झाइन क्वेस्ट’ नावाचा उपक्रम होतो, त्यात छोटी फॅनझिनं निघतात. छापील प्रत मागवताना मात्र टपालखर्च आधी बघा, नाहीतर पुस्तकापेक्षा पाकीट महाग. जॉन हार्पर यांचा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ एका पानात मावतो आणि फुकट आहे, सुरुवात तिथून केलेली बरी.

पण माझं अडलं होतं ते भाषेपाशी. मला असा खेळ हवा होता जो मराठीत आणायला कुणाची चोरी करावी लागणार नाही. म्हणून मी परवान्याचं पान वाचायला शिकले. जानेवारी २०२३ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या कंपनीनं जुना परवाना बदलायचा घाट घातला, मसुदा फुटला, खेळाडू भडकले, आणि शेवटी कंपनीनं मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला. म्हणजे भाषांतराला हरकत नाही. पण सुमारे चारशे पानं! परीक्षा आहेत हो.

उपयोगी पडलं ते श्रेयनामावलीचं पान. संशोधनाच्या पेपरात आपण संदर्भ धरून मागं मागं जातो, तसंच इथंही करायचं. योखाई गाल यांचा ‘कॅर्न’ २०२० साली आला. तो बेन मिल्टन यांच्या ‘नेव्ह’ आणि ख्रिस मॅक्डॉवल यांच्या ‘इन्टू द ऑड’ या खेळांचं ऋण उघडपणे मानतो. नियम वीस-पंचवीस पानांत संपतात. परवाना सांगतो: भाषांतर करा, बदला, विकासुद्धा, फक्त मूळ लेखकाचं नाव द्या आणि तुमचं कामही याच अटींवर खुलं ठेवा. नियमही सोपे. पात्राकडं सामानाच्या दहा जागा असतात. पोथीतून मंत्र म्हटला की अंगात थकवा येतो आणि तो थकवा त्या दहांतली एक जागा अडवून बसतो. ओझं हाच सगळा हिशोब. बाजारातून दोन पिशव्या घेऊन आलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी भाषांतराला बसले. कॅर्नमध्ये सूत्रधाराला ‘वॉर्डन’ म्हणतात. हॉस्टेलच्या पोरांसमोर तो शब्द ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून आपला सूत्रधारच ठेवला. ‘फटीग’ला मी ‘दमणूक’ केलं होतं. पहिली सहा पानं त्या मित्राला वाचायला दिली. त्यानं दुसऱ्या दिवशी परत आणली, तर ‘दमणूक’ सगळीकडं खोडून वर पेन्सिलीनं ‘शीण’ लिहिलेलं. शेवटच्या पानामागं जंगलातल्या एका पडक्या देवळीचा नकाशाही काढला होता, मी न सांगता.

येत्या शनिवारी सूत्रधार तोच आहे. शस्त्रांची यादी अजून अर्धी राहिली आहे. ‘हॅलबर्ड’साठी चांगला मराठी शब्द कुणाला सुचला तर मला वाचनालयात गाठा.